तेंगबाईंचा मुका वर्ग

तेंगबाई बोलायला लागल्या की तिसऱ्या मजल्यावरचं तळमजल्यावर ऐकू यायचं. आमच्या प्राध्यापकांच्या वसाहतीत तर म्हणत, की तेंगबाईंनी नवऱ्याला जेवायला हाक मारली की शेजारच्या चार घरांतले नवरे हात धुऊन वाडग्यापुढे येऊन बसतात. आणि अशा बाईच्या वाट्याला शेवटी वर्ग कोणता यावा? मुका! एक्केचाळीस पोरं, आणि एकाच्याही तोंडातून इंग्रजीचं अक्षर फुटेना. आता बोला.

तो आवाज जन्मजात नव्हता हो, गिरणीतला होता. सतराव्या वर्षी बाई लानझोउच्या लोकरीच्या गिरणीत लागल्या. मागांचा खडखडाट असा, की शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानात तोंड घालून ओरडायचं. तेव्हा रेडिओवर इंग्रजीचे धडे लागायचे. गुइलान, म्हणजे आपल्या तेंगबाई, सकाळी घरी धडा ऐकायची आणि मग पाळीभर मागापुढे उभी राहून तोच धडा घसा फोडून म्हणायची. त्या गदारोळात कोण ऐकतंय आणि कोण हसतंय! चुकली तरी म्हटलं, विसरली तरी म्हटलं. पुढे दहा वर्षं बंद पडलेल्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाल्या आणि ही पोरगी तोंडी परीक्षेला उभी राहिली. बाकीची मुलं मान खाली घालून पुटपुटत होती. हिने तोंड उघडलं आणि परीक्षकांच्या हातातला चहा हिंदकळला. लोकरीच्या गिरणीतून आलेल्या पोरीला इंग्रजी विभागात जागा मिळाली, आणि शिकून झाल्यावर तिथेच नोकरी मिळाली.

तेव्हापासून बाईंचं एकच काम, पोरांना बोलतं करायचं. बोलण्याचा तास. व्याकरण दुसरे शिकवत, वाचन तिसरे, बाईंच्या तासाला फक्त तोंड चालवायचं. डोंगरातून आलेली, शाळेत कधी परदेशी माणूस न पाहिलेली, मास्तरांसमोर उभं राहिलं की पाय लटपटणारी पोरं त्यांनी बोलती केली. कुणी काही म्हणो, पण आमच्या शिक्षक-विद्यापीठातून बाहेर पडून खेड्यापाड्यांत इंग्रजी शिकवणारी निम्मी मंडळी बाईंच्या हाताखालून गेलेली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बाईंना वाटत होतं, आता काय, हसत खेळत जातील.

आणि ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी हा वर्ग आला.

देशभर तेव्हा इंग्रजीचं खूळ. पेइचिंगच्या टॅक्सीवाल्यांना इंग्रजी शिकवत होते म्हणे. आमच्या इथे पिवळ्या नदीच्या काठाला कोण येणार होतं, पण वारं इथपर्यंत पोचलेलं. पहिल्या तासाला बाईंनी रिवाजाप्रमाणे एकेकाला उभं केलं आणि आपापल्या गावाबद्दल चार वाक्यं बोलायला लावली. पोरं बोलली, हसली, थोडा दंगा झाला. बाई खूश. पण दुसऱ्या तासापासून वर्गाने जी मिठाची गुळणी धरली ती धरली. प्रश्न विचारला की एक्केचाळीस माना खाली. कुणाला नाव घेऊन उभं केलं तर उठायचं, मान लववायची आणि तसंच उभं राहायचं, बाई कंटाळून बसा म्हणेपर्यंत.

बाईंनी काय नाही केलं! भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पिशवी आणली, बोलेल त्याला मूठभर. बिया तशाच राहिल्या, शेवटी बाईंच्या नवऱ्याने संपवल्या. शंभरातले तीस गुण फक्त वर्गातल्या बोलण्याचे, हे फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं. वर्गाने ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. मग बाईंनी ब्रह्मास्त्र काढलं. मंगळवारी मेसमध्ये लाल रश्शातलं डुकराचं मांस असायचं आणि तास सुटून रांगेत जाईपर्यंत ते संपायचं. बाई म्हणाल्या, "जो एक वाक्य बोलेल तो आत्ता सुटला, पळा मेसला!" पोरांच्या नाकात वास येत होता, पोटात कावळे कोकलत होते. एक हलला नाही. बाराची घंटा झाली, सगळे एकदम उठले आणि गपचूप कोबी खायला गेले.

"मांस सोडलं हो त्यांनी!" बाई घरी नवऱ्याला सांगत होत्या, म्हणजे सगळ्या इमारतीलाच सांगत होत्या. "विशीतली पोरं, आणि मांस सोडलं! यांना हवंय तरी काय?"

विभागप्रमुख पांगसाहेबांकडे याचं उत्तर तयार होतं. त्यांचा एक निबंधच छापून आलेला, विद्यार्थ्यांमधल्या प्रेरणेच्या अभावावर. त्यासाठी त्यांनी पोरांना छापील प्रश्न वाटले होते, तुम्हाला इंग्रजी का बोलायचं आहे म्हणून. सगळ्यांनी एकजात लिहिलं, मातृभूमीच्या उभारणीसाठी. पांगसाहेब त्या उत्तरावरही खूश आणि प्रेरणा नाही यावरही खूश.

"तेंगबाई, या पिढीत प्रेरणाच नाही. मी तर लिहूनच ठेवलंय."

"तुम्ही लिहिलंत म्हणून पळाली का हो ती?"

पांगसाहेब हसले, पण मग खुर्ची पुढे ओढून कामाचं बोलले. विद्यापीठाने मशिनी घ्यायचं ठरवलं होतं. कानाला हेडफोन लावायचा आणि मशीनशी बोलायचं. पुढच्या सत्रापासून बोलण्याचा तास बंद. तोही तेंगबाईंपुरता नाही, कायमचा. "मी अडवून धरलंय," ते म्हणाले. "पण या महिन्यात पाहणी आहे. पाहणीच्या तासाला वर्ग असाच बसला तर मला काही बोलता येणार नाही."

पाहणी म्हणजे निवृत्त प्राध्यापक मागच्या बाकावर येऊन बसणार, तास बघणार आणि आपलं मत लिहून देणार. या खेपेला येणार होते ल्येन सर. ल्येन सरांनी आयुष्यभर इंग्रजीचं व्याकरण शिकवलं, तेंगबाईंनाही शिकवलं. मोठा दरारा. पण सर स्वतः इंग्रजी बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. पुस्तकातलं वाक्य फळ्यावर लिहीत, त्याच्या चिंधड्या करून दाखवत, बस. परदेशी पाहुणे आले की सरांना नेमकं ग्रंथालयात तातडीचं काम निघे. बोलण्याच्या तासाला ते पोरखेळ म्हणत.

"अहो, घाबरता काय, तालीम घ्या की," पांगसाहेब म्हणाले. "सगळेच घेतात. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. येतंय त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. मागून बघणाऱ्याला हातांचं रान दिसतं. तुम्ही फक्त उजवेवाले उठवा."

हे काही पांगसाहेबांचं डोकं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक पोर शाळेपासून हा खेळ खेळत आलेलं असतं. बाईंनी मात्र तो कधी खेळला नव्हता. "बघते," एवढंच म्हणून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता बाई विद्यापीठात आल्या. सकाळचं वाचन पहिल्या वर्षाला सक्तीचं. हजेरी वर्गप्रमुख घेतो, प्राध्यापक कोणी फिरकत नाही. बाईंच्या मनात होतं, की पोरांना एकटं गाठावं आणि चांगलं खडसावून तालमीला तयार करावं. मैदानापलीकडे पॉपलरच्या झाडांचा पट्टा आहे, पोरं तिथे वाचतात. थंडी मी म्हणत होती. बाई मफलर नाकावर ओढून झाडांपाशी आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

अहो, सगळं रान इंग्रजी बोलत होतं! एकेक पोर एकेक झाड धरून उभं, झाडाकडे तोंड आणि जगाकडे पाठ. आणि नुसतं वाचत नव्हती हो, बोलत होती! एक मुलगा खोडाला मुलाखत देत होता, पाय जुळवून, मधूनच टाय सारखा करत, टाय नसताना. एक जण झाडाला डॉक्टर समजून पोटदुखी सांगत होता. आणि वर्गप्रमुख शेन यालान, काटकुळी, दोन वेण्यांची, वर्गात जिच्याकडे बघून बाईंना सगळ्यांत जास्त चीड यायची, ती एकटीच गिऱ्हाईक आणि एकटीच दुकानदार होऊन कोटाच्या भावावरून झाडाशी कडाकडा भांडत होती. काय ती जीभ! गिरणीतली गुइलानसुद्धा त्या वयात एवढी सफाईने बोलत नव्हती.

बाईंचे गुडघे दुखत होते, नाक गळत होतं, आणि तरी त्या कितीतरी वेळ झाडाआड उभ्या राहिल्या. आपण ज्यांना मुके म्हणत होतो ते हे! मग कुणीतरी त्यांना पाहिलं. एक झाड गप्प झालं, मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, आणि बघता बघता सगळं रान चिडीचूप झालं.

बाईंनी यालानला बाजूला घेतलं.

"काय गं, झाडाशी भांडत होतीस ना? मी काय झाडापेक्षा वाईट आहे?"

"नाही बाई."

"मग माझ्या तासाला दातखीळ का बसते?"

यालान बुटाच्या टोकाने पानं उकरत राहिली. "बाई, हवं तर मला नापास करा."

"नापास कशाला करू? झाडाकडून ऐकलंय मी, पहिली येशील! मला कारण सांग."

बाई हटेनात. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बोलली.

"मी पहिली हसले, बाई."

"कधी?"

"पहिल्या तासाला. तुम्ही सगळ्यांना गावाबद्दल बोलायला लावलं होतं. याओ दाछ्वान उठला, आठवतंय?"

बाईंना आठवेना. याओ दाछ्वान म्हणजे मागच्या बाकावरचा तो थोराड मुलगा, प्रवेश परीक्षा तीनदा दिलेला, वयाने वर्गात सगळ्यांत मोठा, म्हणून वसतिगृहाच्या खोलीतली मुलं त्याला थोरले म्हणत. एवढंच त्यांना माहीत होतं.

"तो तिंगशीच्या डोंगरातला. त्यांच्या शाळेत एकच मास्तर. सगळ्या शाळेला अंगणात बसवून एका सुरात म्हणून घ्यायचे. पाढे म्हणतात ना बाई, ओढून ओढून, तसं. त्याला इंग्रजी तसंच येतं. तो उठून मोठ्याने तसंच बोलायला लागला आणि मला हसू फुटलं. वाईट मनाने नाही हो बाई. आमच्याही शाळेत लहानपणी तसंच म्हणायचे, म्हणून. पण मी हसले आणि सगळा वर्ग हसला. तुम्ही 'छान, पुढचा' म्हणालात."

बाईंनी मफलर नाकावरून खाली ओढला.

"दुपारी त्याच्या खोलीतली मुलं धावत आली, थोरले दिसत नाहीत म्हणून. आम्ही बसस्टँडवर गेलो. तो बसला होता, पाठीवर अंथरुणाची वळकटी. म्हणाला, 'माझ्या तोंडातून निघतं ते इंग्रजीच नाही, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?' बस लागली होती, बाई. मला काही सुचेना. मी म्हटलं, तू थांब. तू बोलेपर्यंत आमच्यापैकी कोणी या तासाला बोलणार नाही. सगळेच गप्प बसले तर बाई एकट्या तुला शून्य कसं देतील? मी आपलं तोंडाला येईल ते बोलले, पण बाकीचे लगेच हो म्हणाले. मग वर्गाला सांगितलं. वर्गही हो म्हणाला."

"सगळे?"

"सगळे."

"तुझी शिष्यवृत्ती? तीस गुण गेल्यावर मिळायची नाही ती."

"नाही मिळायची," यालान म्हणाली आणि नाक पुसलं. "तुम्ही त्याला सांगू नका हं बाई, मी रडले म्हणून."

मैदान ओलांडताना बाई मध्येच थांबल्या. प्रेरणा नाही म्हणे! बिया, गुण, मांस, सगळ्यांवर पाणी सोडून चाळीस पोरं महिनोन्महिने जीभ आवळून बसली, तीही कालपरवा ओळख झालेल्या एका मुलासाठी. आणि आपण त्यांना मूठभर बिया दाखवत होतो! बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, काय सांगू, देवळात शिरल्यासारखं वाटलं. त्या एवढ्या बोलक्या बाई, पण त्या दिवशी घरी कुणाशी बोलल्या नाहीत. नवऱ्याने ताप बघितला.

दोन दिवसांनी बाई स्वतःचा थर्मास घेऊन गरम पाण्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढे दाछ्वान होता, दोन्ही हातांत मिळून सहा थर्मास.

"सगळ्या खोलीचं पाणी तूच भरतोस?"

तो दचकला. "हो बाई. ते माझ्यासाठी गप्प बसतात, मी त्यांच्यासाठी पाणी आणतो."

"फिटतं का मग?"

"नाही फिटत."

रांग पुढे सरकली. त्याने एक थर्मास नळाखाली धरला. वाफेमुळे त्याचा चेहरा दिसेना, म्हणूनच बहुधा त्याला बोलता आलं.

"पहिल्यांदा फक्त माझ्या एकट्याच्या तोंडाचा प्रश्न होता, बाई. आता चाळीस जण वाट बघतात. एवढी वाट बघून पुन्हा तसंच निघालं तर?"

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, नाही रे, सराव कर, सुधारेल. बाई म्हणाल्या, "तसंच निघेल."

त्याने वळून पाहिलं.

"माझं नाही का अजून निघत? मागे एक परदेशी पाहुणी आली होती. मला म्हणाली, तुम्ही रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलता. मी म्हटलं, मग काय झालं, तुम्ही तर समुद्रापलीकडच्या!"

दाछ्वानच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. बाईंनी आपला थर्मास भरला, बूच लावलं आणि त्या गेल्या. बोल म्हणाल्या नाहीत, पाहणीचं नावही काढलं नाही.

वर्गाला मात्र त्यांनी पाहणीच्या आदल्या दिवशी सरळ सांगितलं. त्यांच्या आवाजाला न शोभेल इतक्या हळू. "उद्या ल्येन सर येणार आहेत. तुम्ही गप्प बसलात तर हा तास कायमचा बंद होणार, हे तुम्हाला कळलेलं बरं. पांगसाहेब म्हणतात तालीम घ्या, उजवा हात, डावा हात. तुम्हाला तो खेळ माहीत आहे. मी तालीम घेणार नाही. तुम्ही गप्प का आहात ते मला कळलंय. ते मोडा असं मी म्हणणार नाही. तास गेला तर गेला. तुमच्यासारखा वर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता." आणि घंटेची वाट न बघता पुस्तक काखेत मारून बाई बाहेर पडल्या.

पाहणीच्या दिवशी बाईंनी निळा कोट घातला. मागच्या भिंतीशी ल्येन सर बसले, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर कागद. शेजारी पांगसाहेब, सरांच्या चहाच्या बाटलीवर एक डोळा ठेवून. धडा होता घरापासून दूर राहण्याबद्दल. बाईंनी तो वाचला, दोन शब्द फळ्यावर लिहिले आणि इंग्रजीत विचारलं, "घर सोडून आल्यावर तुम्हाला कशाची आठवण येते? कोण सांगेल?"

आणि सगळा वर्ग हात वर करून बसला.

पांगसाहेबांचा चेहरा उजळला. मागून त्यांना हातांचं रान दिसत होतं. समोरून बाईंना दिसत होतं ते वेगळंच. चाळीस हात, चाळीसच्या चाळीस डावे. यालानचा डावा. मुलाखतवाल्याचा डावा. आणि खिडकीशी, शेवटच्या बाकावर, एकच उजवा.

नंतर बाईंना कळलं. आदल्या दिवशी त्या निघून गेल्यावर दाछ्वान उभा राहिला होता. म्हणाला होता, "उद्या मी उजवा करणार. तुम्ही सगळ्यांनी डावा करायचा. एकानेही उजवा केला तर बाई मला वाचवायला त्यालाच उठवतील, आणि मला वाचायचं नाहीये."

नियम ठरलेला, उजव्याला उठवायचं. बाईंनी त्याचं नाव घेतलं.

दाछ्वान उठला. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. बोलायला लागला, आणि निघालं ते तसंच. ओढून ओढून, अंगणातल्या शाळेच्या त्याच सुरात, डोंगरापलीकडे ऐकू जावं असं. बाईंना वाटलं, आता हसतील, आता कुणीतरी हसेल.

तो म्हणाला, मला बटाट्याच्या तळघराची आठवण येते. आमच्याकडे हिवाळ्यात दुसरं काही नसतं. आई शिडी लावून खाली उतरते. तिला बघायला मी वर तोंडाशी पालथा पडतो. खाली ऊबदार असतं आणि मातीचा वास येतो. मी फोन केला की आईला विचारतो, बटाटे कसे आहेत. ती म्हणते, चांगले आहेत. म्हणजे ती चांगली आहे. मग ती विचारते, मेसमध्ये बटाटे मिळतात का. मी म्हणतो, मिळतात. म्हणजे मी चांगला आहे. आमच्या घरी असंच बोलतात.

मध्ये तो चार वेळा अडला. दर वेळी वर्ग थांबला. कुणी शब्द पुरवला नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही, डावे हात तेवढे तसेच वर होते, काही थरथरायला लागलेले. पण हसलं? कोणी नाही. त्याचं बोलून झालं आणि तो तसाच उभा राहिला, कानापर्यंत लाल.

मग यालानने डावा हात खाली घेतला आणि उजवा वर केला. शेजारणीने केला. त्यांच्या मागच्या मुलाने केला. सळसळ होत होत सगळ्या वर्गाचे डावे हात खाली आले आणि उजवे वर गेले. बाईंनी तोंडावर खडूचा हात धरला, तोंड पांढरं झालं. त्यांना आता कुणाला उठवू आणि कुणाला नको असं झालं. पुढे त्यांना उठवावंच लागलं नाही. यालान दाछ्वानकडे वळून त्यालाच काही विचारायला लागली, तो तिला उत्तर देऊ लागला, त्यात तिसरा पडला, चौथी पडली, सूर तो ओढलेला आणि हा सफाईचा, सगळं एकात एक. बाई फळ्याला टेकून नुसत्या ऐकत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तासाला त्यांच्या आवाजाची कुणाला गरज उरली नव्हती.

मागे पांगसाहेब गोंधळले होते. हात बदलले ते त्यांनी पाहिलं, पण का ते त्यांना कळेना. ल्येन सरांना कळलं. त्यांनी हा खेळ आपल्या वर्गांत वर्षानुवर्षं खेळवला होता. डावा कोणता, उजवा कोणता, त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि ते दाछ्वानच्या पाठीकडे एकटक बघत होते.

पुढे तो तास टिकला, मशिनी आल्या त्या दुसऱ्या मजल्यावर व्याकरणाला गेल्या, यालानची शिष्यवृत्ती त्या वर्षी बुडाली ती बुडालीच. पण तेंगबाई आजही कुणी विचारलं तर यातलं काही सांगत नाहीत. त्या सांगतात ते असं, की तास संपत आला होता आणि मागच्या भिंतीशी एक हात वर गेला. सुरकुतलेला, शाईचे डाग पडलेला, उजवा.

"सर, चहा देऊ?" पांगसाहेबांनी खाली वाकून विचारलं.

ल्येन सरांनी नको म्हणून मान हलवली. हात तसाच ठेवला. वर्ग हळूहळू शांत झाला आणि मागे वळला.

ज्यांच्यासमोर बाई तरुणपणी चळाचळा कापल्या होत्या ते सर. पण त्यांनी इतर कुणालाही सांगितलं असतं तसंच इंग्रजीत सांगितलं, "हं, तुम्ही बोला."

ल्येन सर उभे राहिले, विद्यार्थी उभा राहतो तसे, खुर्ची मागे सारून. मांडीवरचे कागद खाली पडले. त्यांना दाछ्वानला काहीतरी विचारायचं होतं, त्याच्या आईबद्दल, ती खाली उतरते तेव्हा कंदील कोण धरतं असं काहीसं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला, बारीक, चिरका. दोन शब्द निघाले आणि वाक्य मध्येच मोडलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच मोडलं. इंग्रजीच्या त्या म्हाताऱ्या सिंहाची मान लाल झाली, हात चष्म्याकडे गेला.

कोणी हसलं नाही. कोणी शब्द पुरवला नाही. एक्केचाळीस पोरं, त्यांचं वाक्य पुरं होण्याची वाट बघत बसून राहिली.